मिग वेल्डिंग: आपापले टाके इथे दाखवा (आणि बोलणी खा)

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. दिवाळीला सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं मिग मशीन घेतलं (गनमधून वायर आपोआप पुढे येते आणि भोवती गॅसचं कवच असतं, ते). त्याआधी दहा वर्षं रॉडनेच चिकटवाचिकटवी चालायची, मळ्यातल्या मळ्यात. वायर ०.८ मिमीची, ईआर७०एस-६. गॅस साधा सीओटू. शिक्षण काही नाही, मोबाइलवर बघून बघून हात बसवला.

फोटो १: गोठ्याच्या फाटकाचं बिजागर.
फोटो २: ट्रॉलीच्या साइडचा पत्रा, अडीच मिमी.
फोटो ३: खरं दाखवायचं होतं ते हे. ट्रॉलीच्या दांडीला, हुकाच्या मागे, चीर गेली होती. ती भरली आणि वरून ६ मिमीची पट्टी मारली. ग्राइंडर लावलेला नाही, बीड (म्हणजे वितळून थिजलेल्या धातूची रेघ) पडला तसाच आहे. वेणी घातल्यासारखा दिसतोय की नाही?

परवा कटाई आहे, दोनशे घड भरायचेत. चुकलं असेल तर सांगा, पण जरा जपून. पोरगा वाचतो हा धागा.

शेवभाजी_तर्री_जास्त
भो, एक नंबर शे! मनी माय शेवाया करस ना, तशी सरळ रेघ शे.

गेटग्रिल_जळगाव
फोटो २ आवडला. पत्रा कुठे जळला नाही, वाकडाही झाला नाही. माझ्याकडे दोन वर्षं काम करणाऱ्या पोरालाही अडीच मिमीवर अजून भोकं पडतात.

धुळ्याचा_अँगल
१ आणि २ बद्दल काही म्हणणं नाही. ३ बद्दल आहे. करंट किती होता, व्होल्ट किती? पट्टीखालची काळी पापडी (नव्या लोखंडावर असतेच ती) काढली होती का? चीर व्ही आकारात खोदली होती की वरूनच बीड फिरवला?

फोटो मोठा करून कडा बघा. बीड फुगीर आहे आणि दोन्ही कडांना गोल होऊन आत वळलाय, मेण सांडून थिजावं तसा. तो दांडीच्या अंगावर बसलाय, अंगात गेलेला नाही. ही ट्रॉली रस्त्यावर काढू नका.

केळीवाला_रावेर
९५ अँपिअर, १७.५ व्होल्ट. साइडचा पत्रा त्याच सेटिंगवर मस्त झाला म्हणून बदललं नाही. पापडी काढली नाही, तारेचा ब्रश मारला. चीर वरूनच भरली.
पण दादा, हातोड्याने ठोकून बघितलं. हललंसुद्धा नाही.

धुळ्याचा_अँगल
वरून ठोकलं तर हलणार नाहीच. साधा हिशोब लक्षात ठेवा: लोखंडाच्या १ मिमी जाडीला अंदाजे ४० अँपिअर. अडीच मिमीला १००, म्हणून तुमचा पत्रा बरोबर जमला. ६ मिमीला एका फेऱ्यात काम करायचं तर २४०. तुमचं मशीन पूर्ण पिळलं तरी २००, आणि ०.८ च्या वायरवर तेवढंही नीट मिळत नाही.

आता वजन बघा. एक घड २०-२५ किलोचा, दोनशे घड म्हणजे चार ते पाच टन. आणि दांडीवर नुसतं वजन नसतं, प्रत्येक खड्ड्याला हिसका असतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर दांडी सुटली तर ट्रॉली कोणावर जाईल याचा नेम नाही. पोरगा वाचत असेल तर वाचू दे.

शेवभाजी_तर्री_जास्त
मी मना शब्द मागे लेस. शेवाया शेत, पण कच्च्या शेत.

भुसावळचे_काका
रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डर होतो, आता नातवंडं सांभाळतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली नुसती नावाची. तुम्ही सगळे मिग मिग म्हणताय ते खरं तर मॅग. मिगमधला आय म्हणजे इनर्ट, कशाशीही संयोग न होणारा वायू. ही पद्धत १९४० च्या दशकाच्या शेवटी आली ती अॅल्युमिनियमसाठी, आर्गॉन-हेलियमवर. सीओटू लोखंडासाठी पुढच्या दशकात आला, आणि तो काही इनर्ट नाही, आर्कमध्ये (वायर आणि लोखंडामधल्या विजेच्या ज्योतीत) फुटतो आणि ऑक्सिजन सोडतो. म्हणून तर ईआर७०एस-६ वायरमध्ये सिलिकॉन आणि मँगनीज जास्त घातलेलं असतं, तो ऑक्सिजन ओढून घ्यायला. बीडवर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात ते त्याचेच. असो. दुकानात मॅग मागितलंत तर कोणी देणार नाही, तिथे सीओटू वेल्डिंगच म्हणा.

दुसरी कामाची. रॉडला करंट कमी दिला तर तो चिकटतो, विझतो, हाताला कळतं. मिग तसं काही कळवत नाही. वायर आपली वितळत राहते, थंड लोखंडावर छान पसरते आणि वरून चमकते. कमी करंटवर सगळ्यात देखणा बीड पडतो तो याच मशीनवर. म्हणून फोटोवरून मी होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तोडून बघा.

६ मिमीच्या पट्टीचे दोन तुकडे घ्या, ५० रुंद, ७५ लांब. एकावर दुसरा उभा धरून टी करा, दोन टोकांना टाके मारा, आणि एकाच बाजूने एकच बीड ओढा. सेटिंग तुमचंच, ९५ आणि साडेसतरा. पाण्यात बुडवू नका, आपोआप निवू द्या. मग खालची पट्टी व्हाइसमध्ये आवळा आणि बीड नसलेल्या बाजूने उभ्या पट्टीवर घण घाला, म्हणजे ती बीडकडे झुकेल आणि बीडचं मूळ उघडेल. किती घावांत तुटली ते सांगा. त्याहून महत्त्वाचं, तुटल्यावर आत काय दिसलं ते सांगा.

पुण्यातला_खान्देशी
काकांना अनुमोदन. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत वेल्डिंग क्वालिटीला आहे. आमचा रोबो एकसारखा बीड टाकतो, तरी दर शिफ्टला नमुना आडवा कापतो, आरशासारखा घासतो आणि नायट्रिक अॅसिड-अल्कोहोलचं पाणी लावतो. वितळलेला भाग वेगळ्या रंगात उठून दिसतो आणि मूळ धातूत किती शिरला ते मोजता येतं. हे घरी करू नका. घरी घण पुरे.

आयटीआय_शिरपूर
मी वेल्डर ट्रेडला आहे, वर्ष संपत आलंय. वर्गात आम्ही दोघीच मुली. माझा पण फोटो टाकते. शेडनेटसाठी जीआय पाइप जोडत होते, बीडमध्ये बारीक बारीक भोकं आली. सरांनी विचारलं, बिबडे तळलेस का? गॅस मिनिटाला १२ लिटरवर होता. वारा नव्हता. काय चुकलं?

गेटग्रिल_जळगाव
ताई, जीआय म्हणजे वर जस्ताचा थर. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळतं १५०० च्या आसपास. म्हणजे तुमचं लोखंड वितळायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते आणि ती बीडमधून बाहेर यायला बघते. त्याचीच ही भोकं. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर, जमलं तर आतूनही, ग्राइंडरने जस्त काढा. जोड झाल्यावर तिथे झिंकचा रंग मारा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरेल.

आणि तो पांढरा धूर छातीत घेऊ नका. पहिल्या वर्षी मी दिवसभर बंद शेडमध्ये जीआय केलं. रात्री हुडहुडी भरून ताप, तोंडात पैसा चघळल्यासारखी चव. सकाळी उतरला. घरच्यांना मलेरिया वाटला होता.

शेवभाजी_तर्री_जास्त
गूळ खावाना भो, धूर उतरी जास.

भुसावळचे_काका
कारखान्यात आम्हालाही गूळ द्यायचे. चवीला चांगला होता. फुप्फुसात गेलेलं पोटातल्या गुळाने निघत नाही. दारं उघडा, वारा पाठीमागून येऊ द्या आणि डोकं धुराच्या वर धरू नका. धातूच्या धुराचा मास्क मिळतो तो वापरा. नाकाला बांधलेला रुमाल मास्क नव्हे.

आयटीआय_शिरपूर
धन्यवाद दादा, काका. अजून एक. परवा पासून डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय. मैत्रीण टाके मारत होती, मी बाजूला नुसती उभी होते. बटाट्याच्या चकत्या ठेवल्या रात्रभर.

भुसावळचे_काका
डोळे लागले तुझे. आर्कच्या अतिनील किरणांनी होतं. लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं, म्हणून माणूस नेमका मध्यरात्री उठून बसतो. बहुतेकदा दोन दिवसांत बरं होतं. तुला परवापासून आहे म्हणतेस, तर आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून डोळा सुन्न करणारे थेंब आणून टाकत बसू नकोस, त्याने बरं वाटतं आणि जखम मात्र लांबते. बटाटा भाजीत टाक. आणि बाजूला उभं राहणाऱ्यालाही काच लागते, हे मैत्रिणीलाही सांग.

केळीवाला_रावेर
केलं. सविस्तर लिहितो, कारण रात्री झोप आली नाही.

दोन तुकडे कापले. खरं सांगायचं तर पास व्हायचं होतं, म्हणून दांडीवर जे केलं नव्हतं ते इथे केलं: ग्राइंडरने दोन्ही तुकडे चांदीसारखे पांढरे केले. सेटिंग तेच. बीड फोटोतल्यापेक्षाही सुरेख पडला. निवल्यावर व्हाइसमध्ये आवळला. पोराला म्हटलं, दहा-बारा घाव तरी लागतील बघ.

पहिल्या घावाला उभी पट्टी थोडी कलली. दुसऱ्याला कट्‌ असा कोरडा आवाज झाला आणि ती बाजूला जाऊन पडली. बीड सगळाच्या सगळा तिच्याच अंगाला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटून. खालच्या पट्टीवर बोट फिरवलं. बीड जिथे बसला होता तिथे ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा. एकेक मोजता येईल इतक्या ठळक. नुसती निळसर झाक आली होती. म्हणजे तिथे लोखंड वितळलंच नाही, रेघसुद्धा पुसली गेली नाही.

पोरगा म्हणाला, पप्पा, हे फेव्हिकॉलने पण झालं असतं.

फोटो ४ आणि ५ टाकलेत. ट्रॉली जागेवर उभी आहे.

धुळ्याचा_अँगल
मानलं तुम्हाला. इथे दहा लोक फोटो टाकतात आणि बोललं की रुसून निघून जातात.

आता तुकडा क्रमांक दोन. १५० अँपिअर, २० ते २१ व्होल्ट. शुद्ध सीओटूला मिश्र गॅसपेक्षा एक-दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणून मोबाइलवरचे बाहेरच्या देशातले आकडे जसेच्या तसे उचलू नका, त्यांच्याकडे बहुतेक आर्गॉन मिसळलेला असतो. गनच्या टिपच्या टोकापासून वायर १० ते १२ मिमी बाहेर, जास्त नको. वायर लांबली की करंट घटतो आणि तुम्हाला कळतही नाही.

कान लावून ऐका. बरोबर असेल तेव्हा कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. फट्‌ फट्‌ करत वायर हाताला ढकलत असेल तर व्होल्ट कमी किंवा वायर जास्त. मोठे मोठे थेंब पडून फस्स होत असेल तर उलट.

भुसावळचे_काका
आणि गन कुठे धरता? बीड उभ्या पट्टीला राहिला आणि खालच्या पट्टीवरून सुटला, यावरून वाटतं की तुमचा आर्क उभ्या पट्टीवर होता. खालच्या पट्टीत उष्णता दोन्हीकडे पळते, तिला जास्त लागते. गन ४५ अंशात, नेम थेट कोपऱ्यात, किंचित खालच्या पट्टीकडे. आणि आर्क कायम वितळलेल्या रसाच्या पुढच्या काठावर ठेवा. हात हळू झाला की आर्क रसावरच जळतो, रस पुढे ओघळतो आणि थंड लोखंडावर पसरून बसतो. वेणी घालायच्या नादात हेच होतं. नागमोडी सोडा, सरळ ओढा.

केळीवाला_रावेर
काका, अगदी तेच. वेणी दिसावी म्हणून थांबत थांबत जात होतो.
अडचण अशी की १५० लावलं की मशीन दम टाकतं. आर्क तुटतो.

गेटग्रिल_जळगाव
लाइट कुठून घेतलीय?

केळीवाला_रावेर
घरातून शेडपर्यंत एक्स्टेन्शन. तीस मीटर. दीड एमएमची वायर.

गेटग्रिल_जळगाव
झालं. मशीन चालू असताना प्लगवर मीटर लावून बघा.

केळीवाला_रावेर
बघितलं. मोकळं असताना २२५, ट्रिगर दाबला की १८५.

धुळ्याचा_अँगल
वायर हात लावून बघा, गरम असेल. मशीन मीटरजवळ न्या. वायर जाड घ्या, ४ एमएमच्या खाली नको, आणि वायरमनला विचारून. अजून एक: मशीनवर १५० अँपिअरला किती टक्के लिहिलंय बघा. ३० टक्के असेल तर दहा मिनिटांत तीन मिनिटं आर्क, सात मिनिटं विश्रांती. तो आकडा बहुधा ४० अंशांच्या हवेसाठी असतो. आपल्याकडे सध्या सावलीतच चव्वेचाळीस आहे, तेव्हा त्यातूनही वजा करा. पहाटे काम करा.

गेटग्रिल_जळगाव
उन्हाचा विषय निघालाच तर सिलिंडर कुठे ठेवता तेही बघा. बाटलीत सीओटू द्रवरूपात असतो म्हणतात ते ३१ अंशांपर्यंत. त्याच्या वर तो द्रव राहत नाही, आणि भरलेल्या बाटलीतला दाब उन्हात भराभर चढतो. माझ्याकडे मागच्या मे महिन्यात पत्र्याच्या भिंतीला टेकवलेल्या बाटलीची सेफ्टी चकती दुपारी तीनला फुटली. आवाजाने समोरचा टायरवाला पळत आला. सावली, मोकळी हवा, ओलं गोणपाट. आणि साखळीने बांधलेली.

दुसरं, रेग्युलेटरच्या काट्यावरून गॅस किती उरला ते कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही, मग एकदम कोसळतो. वजन करा. रिकाम्या बाटलीचं वजन मानेजवळ ठोकलेलं असतं. एक गॅसवाला मला वर्षभर पाच-सहा किलो कमी देत होता. काटा बरोबर दाखवायचा म्हणून मी गप्प. भंगारवाल्याच्या काट्यावर बाटली चढवली तेव्हा उजेड पडला. आता बाटली आली की आधी वजन, मग चहा.

शेवभाजी_तर्री_जास्त
गॅस नको, बिनगॅसनी वायर ली ले ना. मना मित्र तीच वापरस, शेतात वारामा.

धुळ्याचा_अँगल
तीही ठीक आहे, वायरच्या पोटात फ्लक्स असतो, वाऱ्यात तीच बरी. साध्या मिगचं कवच तर पंख्याच्या झुळुकीनेही उडतं. पण मित्राला विचार, मशीनची पोलॅरिटी उलटी केली का. साध्या वायरला गन प्लसला लागते, बिनगॅसच्या वायरला मायनसला. निम्मे लोक वायर बदलतात आणि आतली जोडणी विसरतात. मग म्हणतात वायर भंगार, छिटेच उडतात.

शेवभाजी_तर्री_जास्त
इचारं. त्याले म्हाईतच नव्हतं. आते फोन उचलस नही.

केळीवाला_रावेर
तुकडा दोन. पहाटे पाचला, मशीन मीटरजवळ, १५० आणि २०.५. आवाज भज्यांचा. बीड आधीसारखा देखणा नाही, जरा चपटा आहे, छिटेही जास्त. पण कडा लोखंडात मिसळल्यात.

घाव मोजले. चौथ्यापर्यंत पट्टी नुसती वाकत गेली. नवव्याला बीडवर जवळजवळ आडवी झाली, तेव्हा एका टोकाने फाटायला लागली. घण टाकून दिला, पट्टी ओढून उघडली. आत राखाडी, खरबरीत, मोडलेल्या खडीसाखरेसारखं. ग्राइंडरची रेघ कुठेही नाही. फक्त सुरुवातीच्या सेंटिमीटरभरात तीच जुनी चकचकीत पट्टी. तिथूनच फाटलं होतं.

भुसावळचे_काका
शाब्बास. सुरुवातीला लोखंड थंड असतं, तो सेंटिमीटर सगळ्यांचाच कच्चा जातो. दहा-पंधरा मिमी आत आर्क पेटवा, मागे टोकापर्यंत या आणि मग पुढे निघा, म्हणजे कच्चा भाग पुन्हा वितळतो. शेवटी ट्रिगर लगेच सोडू नका, खड्डा भरू द्या. चीर त्या खड्ड्यातूनच सुरू होते.

केळीवाला_रावेर
मग आता दांडी याच सेटिंगवर पुन्हा करू?

धुळ्याचा_अँगल
नको. तुकडा टेबलावर आडवा होता. दांडीला उभं, उलटं, सगळं येतं, आणि चीर आत कुठवर गेलीय माहीत नाही. थ्री फेजवाल्याकडे न्या. १.२ ची वायर किंवा नीट सुकवलेला ७०१८ रॉड. त्याला सांगा: पट्टी काढून टाक, चिरेची दोन्ही टोकं शोधून तिथे बारीक भोक पाड म्हणजे ती पुढे पळणार नाही, मग व्ही कर, तळापासून भर. वरच्या पट्टीची टोकं सरळ कापू नको, माशाच्या उघड्या तोंडासारखी काप. दांडीला आडवा टाका मारला की पुढची चीर तिथूनच जाते.

आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली ठेवून वेल्डिंग करू देऊ नका. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा. चाकाच्या पलीकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांना खड्डे पडतात.

पुण्यातला_खान्देशी
माशाचं तोंड वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हे पटवायला मीटिंगा लागतात.

केळीवाला_रावेर
चार दिवसांनी लिहितोय. कटाईला शेजारच्यांची ट्रॉली घेतली. आपली सावद्याला थ्री फेजच्या वर्कशॉपला नेली.

मिस्तरीने पट्टीच्या एका कडेला ग्राइंडर लावला, मग छिन्नी घालून एक हातोडा मारला. पट्टी अख्खी निघून हातात आली. खाली काळी पापडी शाबूत, तिच्यावर माझ्या तारेच्या ब्रशाचे ओरखडे. चीर मी वरून बुजवली होती, ती आतून दोन बोटं पुढे गेलेली. आणि हुकाच्या दुसऱ्या अंगाला अजून एक, केसाएवढी. ती तर मला माहीतच नव्हती. मिस्तरीने विचारलं, आधीचं काम कोणी केलं होतं? म्हटलं, होता एक.

दांडी झाली, फोटो ६. बीड वेणीसारखा नाही. साइडच्या पत्र्याला त्याने हात लावला नाही, म्हणाला हे चांगलं केलंय कोणीतरी.

शेवभाजी_तर्री_जास्त
होता एक!! 😂 भो, भरीत पार्टी कधी?

आयटीआय_शिरपूर
काका, डॉक्टरांकडे गेले होते, आता बरं आहे. जस्त घासून पाइप पुन्हा केला, फोटो टाकलाय. भोकं गेली. पण डाव्या कडेला खाच दिसतेय, हा अंडरकट का?

भुसावळचे_काका
हो. अर्धा व्होल्ट कमी कर आणि कडेला क्षणभर थांब. उद्या परत टाक.